हरळीच्या मैदानाकाठचे घर

2024 च्या फेब्रुवारीत मी आणि आमची सौ. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात तीन आठवडे राहून आलो. परदेश पाहून आलेला माणूस उंच इमारती आणि रुंद रस्त्यांच्या गोष्टी सांगतो. त्या मी सांगत बसणार नाही. मी गेलो होतो एक जुने घर पाहायला, आणि खरे सांगायचे तर आमच्या गावच्या विहिरीसाठी.

आमचे थोरले बंधू, दादा, 1987 साली शिकायला म्हणून गेले ते तिकडचेच झाले. नोकरी शिकागोजवळ. तिथला हिवाळा म्हणजे महिनोन् महिने बर्फ. आता वय त्रेसष्ट, गुडघे धरलेले, मुले आपापल्या संसारात. तेव्हा नोकरी सुटल्यावर उबेच्या प्रदेशात राहावे असे दादा-वहिनींनी ठरवले. फिनिक्स शहराच्या पश्चिमेला, भिंतींनी बंदिस्त केलेल्या एका गोल्फ वसाहतीत, त्यांनी एक घर हेरले. घर नवे नव्हते. 2003 साली बांधलेले, दोन मालकांच्या हातून गेलेले. किंमत पावणेपाच लाख डॉलर. शिकागोकडचे घर विकून आणि साठवलेले घालूनही थोडे कमी पडत होते. फोनवर दादा म्हणाले, "बापू, गावच्या जमिनीतला माझा हिस्सा काढावा म्हणतो. तू एकदा ये, घर बघ, मग बोलू."

आमची जमीन माण तालुक्यात, साडेसहा एकर. सातबाऱ्यावर तीन नावे: दादा, मी आणि आक्का. वाटणी तोंडी. वडील होते तोवर कोणी कागद मागितला नाही. दादांच्या वाट्याला जो तुकडा, त्यातच विहीर. तो तुकडा परक्याच्या हाती गेला तर माझ्या आणि आक्काच्या जमिनीला पाणी कोठून? मी काही बोललो नाही. रजा काढली आणि निघालो.

कापसाच्या रानातील शहर

फिनिक्सच्या पश्चिमेला गुडइयर नावाचे शहर आहे. टायर करणाऱ्या कंपनीचे नाव गावाला कसे, असे मी दादांना विचारले. पहिल्या महायुद्धात इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस मिळेनासा झाला. टायरच्या आत जो दोरा भरतात त्याला तोच कापूस लागे. म्हणून 1917 च्या सुमारास त्या कंपनीने येथे हजारो एकर जमीन घेऊन कापूस लावला. त्यावरून गावाचे नाव पडले. आजही घरांच्या रांगा संपल्या की मध्येच कापसाचे, लसूणघासाचे रान लागते, आणि त्याच्या बांधावर 'विकणे आहे' अशी पाटी.

वसाहतींचा हा प्रकारही याच भागातला. 1 जानेवारी 1960 रोजी डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने फिनिक्सजवळ सन सिटी ही निवृत्तांची वसाहत खुली केली. तीही जुन्या कापसाच्या जमिनीवर. नमुन्याची पाच घरे, एक गोल्फचे मैदान आणि करमणुकीचे सभागृह. पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसे पाहायला लोटली. म्हाताऱ्यांनी मुलांपासून दूर, आपल्या वयाच्या माणसांत राहावे ही कल्पना तेव्हा नवी होती. आज तिचे शेकडो नमुने झाले आहेत.

दादांची वसाहत त्याच वळणाची, पण नंतरची आणि दाराशी पहारा असलेली. फाटकावर नाव सांगावे लागते. आत सगळी घरे एकमजली, मातकट रंगाची, कौलारू. पुढच्या अंगणात माती दिसत नाही, बारीक खडी अंथरलेली आणि त्यात निवडुंग. माणसे लहान विजेच्या गाड्यांतून फिरतात, त्यातूनच खेळायला जातात. पंचावन्न वर्षांवरच्यांसाठीच राखीव. तिथला कायदा असा की, अशा वसाहतीतील शंभरांपैकी निदान ऐंशी घरांत एक तरी माणूस पंचावन्न पूर्ण झालेले हवे. नातवंडांनी किती दिवस राहावे याचाही नियम. सौ. मला हळूच म्हणाली, "मूल रडलेलं ऐकू येत नाही हो कुठं."

माघी गणपती आणि दूर्वा

ही वसाहत उभी आहे ती वाळवंटात. वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतच. आमचा माण तालुका दुष्काळी म्हणून प्रसिद्ध, पण तिथेही याच्या दुपटीहून अधिक पडतो. उन्हाळा तर विचारू नका. 2023 साली फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. आणि अशा ठिकाणी घराच्या मागच्या दारातून पाहिले तर नजर पोहोचेल तेथपर्यंत हिरवेगार मैदान.

13 फेब्रुवारीला माघी गणेश जयंती होती. वहिनींनी घरात लहान मूर्ती ठेवलेली. सौ. दूर्वा आणायला म्हणून मैदानाच्या कडेला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. "एवढं गवत, पण दूर्वा एक नाही," म्हणाली. मी जाऊन उकिडवा बसलो, गवत बाजूला सारून पाहिले आणि हसू आले. वरचे हिरवे गवत रायगवत होते, हिवाळ्यासाठी ऑक्टोबरात पेरलेले. त्याच्या खाली पिवळ्या पडलेल्या, निजलेल्या काड्यांचे जाळे होते. ती आपली हरळी!

होय वाचकहो, जी हरळी उपटता उपटता आपल्या बायाबापड्यांच्या बोटांना घट्टे पडतात, जिच्यासाठी आपण उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, तिचेच भावंड तिथे लाखो डॉलर खर्चून वाढवतात. तिला ते बर्म्युडा गवत म्हणतात. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात आपल्या हरळीचा आफ्रिकेतील बारीक पानाच्या हरळीशी संकर करून तिचे वाण काढले गेले. त्याला बी धरत नाही, कांड्या किंवा गवताचे गालिचे लावावे लागतात. थंडीत ती झोपते, म्हणून वर रायगवत पेरून मैदान हिरवे ठेवतात. सौ. ला म्हटले, "दूर्वा आहेत, पण मे महिन्यापर्यंत उठायच्या नाहीत. शिवाय वर औषध मारलेलं असतं." त्या दिवशी गणपतीला लाल फुलावर भागवावे लागले.

पाण्याचा हिशेब मी मांडला, कारण सवय. तेथील भूजल खाते मैदानाच्या हिरवळीला एकरी वर्षाला सुमारे 4.9 एकर-फूट पाणी धरते. म्हणजे त्या एकरावर दीड मीटर उंच पाणी उभे केल्यासारखे. अठरा खळग्यांच्या मैदानात नव्वद एकर हिरवळ धरली तर वर्षाला चौपन्न कोटी लिटर होतात. ऐकून आपण नावे ठेवू. पण पाटाने भिजवलेला आपला आडसाली ऊस याहूनही अधिक पितो, हे विसरू नये. शिवाय तेथील पुष्कळ मैदाने शहराचे सांडपाणी शुद्ध करून त्यावर जगतात. आपल्याकडे तेच पाणी ओढ्यात जाते.

उरलेले पाणी कोठून येते? सॉल्ट नदीवर 1911 साली रूझवेल्ट धरण पुरे झाले, त्याचे कालवे आहेत. त्यांतील काही तर हजार वर्षांपूर्वी तिथल्या होहोकाम लोकांनी हाताने खणलेल्या कालव्यांच्या मार्गाने जातात. दुसरे पाणी कोलोरॅडो नदीचे. सुमारे 540 किलोमीटरच्या कालव्यातून, टेकड्या चढवून आणलेले. उरमोडीचे उचललेले पाणी पाहिलेल्या आम्हां माणदेशी माणसांना त्याचे अप्रूप कळते. पण नदी आटू लागली. 2021 च्या ऑगस्टमध्ये तुटीची घोषणा झाली आणि 2022 पासून पिनाल जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे कालव्याचे बहुतेक पाणी तुटले. रान पड राहिले. गोल्फचे मैदान मात्र हिरवे होते. इथे शेतकरी आणि तिथे शेतकरी, पाळी तुटायची तर पहिली त्याचीच.

दहा दिवसांची मुदत

आता घराच्या खरेदीची रीत सांगतो. ती शिकण्यासारखी आहे.

दादांनी देकार दिला, मालकाने मान्य केला आणि इसार भरला. पण इसार मालकाच्या खिशात गेला नाही. तो एका तिऱ्हाईत कचेरीकडे ठेवला गेला. तीच कचेरी मागची सगळी दप्तरे काढते, बोजा आहे का, कर थकला आहे का ते पाहते, आणि मालकीत पुढे खोट निघाली तर भरपाई मिळावी म्हणून विमाही उतरवते. विकणाऱ्याने आठ-दहा पानांचा एक तक्ता स्वतः भरून द्यायचा: छत कधी गळले, वाळवी लागली होती का, भिंतीला तडा आहे का, शेजाऱ्याशी तंटा आहे का. माहीत असून लपवले तर तो कोर्टात अडकतो. त्यानंतर घेणाऱ्याला साधारण दहा दिवस मिळतात. त्या मुदतीत तपासनीस आणून घर तपासायचे. पसंत पडले नाही तर इसार परत.

जुने घर का घ्यावे, असे मी विचारले. दादांचे म्हणणे पटण्यासारखे होते. नव्या घराच्या भिंतीला तडा कोठे जाणार हे कोणालाच माहीत नसते. वीस वर्षांच्या घराला जे तडे जायचे ते गेलेले असतात. झाडे वाढलेली असतात. शेजारी कसे आहेत ते कळते. जुनी गाय घेताना तिचे दूध समोर काढून पाहता येते, कालवडीचे तसे नाही. एवढेच की गाय पाहणाऱ्याला पाहता आली पाहिजे.

तपासनीस आला त्या दिवशी मी त्याच्या मागोमाग फिरलो. तो कौलांवर चढला. कौले ठणठणीत होती, पण कौलांखाली जो डांबरी कागद असतो तो उन्हाने कुजला होता. तिथे पाणी अडवतो तो कागद, कौल नव्हे, आणि त्याचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षे. थंड हवेचे यंत्र बांधणीच्या वेळचेच, म्हणजे वीस वर्षांचे. तिथल्या उन्हाळ्यात ते बंद पडले तर घरात राहता येत नाही. वाळवीची मातीची नळी गॅरेजच्या कोपऱ्यात सापडली, पण जुनी, वाळलेली.

मागच्या अंगणात एक ईडलिंबू आणि एक संत्रा. हे खाते माझे. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक ओघळत होता. ठिबकची तोटी बुंध्याला टेकलेली, कायम ओल. आपल्या विदर्भातला डिंक्या तो! शिवाय खाली दोन फुटांवर पांढरा चुनखडीचा थर, पहार ठणकन् वाजली. तिथे त्याला कॅलिची म्हणतात. पाण्याचा निचराच नाही. मी तोटी हातभर लांब सरकवली आणि साल खरवडून मलम लावायला सांगितले. तपासनीस म्हणाला, हे माझ्या यादीत नाही. मी म्हटले, माझ्या यादीत आहे.

वसाहतीचे दप्तर

घरापेक्षा मोठी गोष्ट पुढेच होती. अशा वसाहतीत घर घेतले की मालक आपोआप रहिवाशांच्या संघाचा सभासद होतो. वर्गणी महिना अडीचशे डॉलर, ती जन्मभर आणि वाढत जाणारी. थकली तर घरावर बोजा. खरेदीच्या वेळी वेगळी एकरकमी रक्कम. गोल्फ खेळायचे तर त्याचे पैसे वेगळेच. घराला रंग कोणता, अंगणात झाड कोणते, कचऱ्याचा डबा बाहेर किती वेळ, सगळे नियमांच्या पुस्तकात. विक्री ठरली की संघाने दहा दिवसांच्या आत आपले नियम, जमाखर्च आणि शिलकीचे कागद घेणाऱ्याला द्यायचे, असा त्या राज्याचा कायदा आहे.

दादा ते कागद नुसते चाळून बाजूला ठेवणार होते. मी म्हटले, "दादा, सोसायटीचा ताळेबंद वाचल्याशिवाय आपण कधी सही करतो का?" रात्री दोघे चष्मे लावून बसलो. शब्द दादा सांगत होते, आकडे मी पाहत होतो. दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा निधी असावा त्याच्या निम्माही नव्हता. आणि सभेच्या एका इतिवृत्तात ओळ सापडली: मैदानाची जुनी पाण्याची नळयोजना बदलणे आवश्यक, त्यासाठी प्रत्येक घरावर खास पट्टी बसवण्याचा विचार.

मी आणखी एक विचारले. "हे मैदान कोणाचं? उद्या बंद पडलं तर?" हा प्रश्न हवेतला नव्हता. 2006 नंतर अमेरिकेत गोल्फची मैदाने निघाली कमी आणि बंद पडली जास्त. फिनिक्समध्येच अहवाटुकी लेक्स नावाचे मैदान 2013 साली मालकाने बंद केले. काठच्या घरांसमोर हिरवळीच्या जागी वाळके रान आले. रहिवाशांनी कोर्ट गाठले. जमीन गोल्फसाठीच वापरावी असे जुन्या नोंदणीकृत करारात लिहिलेले होते, म्हणून कोर्टाने मैदान पुन्हा करण्याचा हुकूम दिला. लिहिलेले नसते तर काय झाले असते? दादांच्या वसाहतीच्या कागदांत तसे कलम आम्हांला सापडले नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तो कुजलेला कागद दिसला, ती इतिवृत्तातली ओळ सापडली, तेव्हा मला आतून बरे वाटत होते. हे घर मोडले तर विहीर वाचेल, असा हिशेब मनात चालला होता. भावाचे नुकसान टळावे म्हणून मी शोधत होतो की माझे टळावे म्हणून, हे मलाच सांगता आले नसते.

दादांना ते कळले. चष्मा काढून म्हणाले, "बापू, तुला हे घर मोडायला हवंय ना?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग म्हणालो, "होय. विहीर तुमच्या तुकड्यात आहे, दादा."

वहिनी पाणी घेऊन आल्या होत्या त्या तशाच उभ्या राहिल्या. दादा म्हणाले, "मग फोनवर का नाही बोललास? मला वाटलं विहीर सामाईकच आहे. आबांनी तसंच सांगितलं होतं." आबांनी सांगितले होते खरे, पण लिहिले नव्हते. छत्तीस वर्षे दूर राहिलेल्या माणसाला आपली विहीर कागदावर कोणाची हे ठाऊक नव्हते, आणि जवळ राहणाऱ्या मला ते विचारायचे धाडस नव्हते. परक्या देशातल्या घराचे शंभर-दीडशे कागद आम्ही दोन रात्रींत वाचले, आणि स्वतःच्या साडेसहा एकरांचा एक कागद तीस वर्षांत केला नाही.

पुढे काय झाले

छताची आणि यंत्राची दुरुस्ती किंमतीतून वजा करा, असे दादांनी मालकाला कळवले. तो निम्म्यालाही राजी होईना. नवव्या दिवशी दादांनी नकार दिला आणि इसार परत आला. पण मी जिंकलो असे कोणी समजू नये. वहिनी दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. त्या मागच्या दारातून सकाळचे ऊन पाहत असत. त्या घरात त्यांनी मनाने भांडी लावून ठेवली होती.

जूनमध्ये त्यांनी त्याच भागात दुसरे घर घेतले. मैदानाला लागून नसलेले, आतल्या गल्लीतले, थोडे लहान. मैदानाकाठचे घर म्हणून जो जादा भाव असतो तो वाचला, छत नुकतेच केलेले होते, आणि पैसे कमी पडले नाहीत. या वेळी कागद दादांनी आधी वाचले. वसाहत कोणत्या पाण्यावर आहे हेही त्यांनी विचारले. 1980 च्या भूजल कायद्याने त्या भागात नवी वसाहत करणाऱ्याला शंभर वर्षे पुरेल एवढे पाणी दाखवावे लागते. जून 2023 मध्ये तर सरकारने जाहीर केले की, फिनिक्सच्या परिसरात केवळ जमिनीखालच्या पाण्याच्या भरवशावर नव्या वसाहतींना यापुढे दाखला मिळणार नाही. आपण बोअर घेताना शंभर दिवसांचा तरी विचार करतो का?

डिसेंबरमध्ये दादा गावी आले. आक्काही आली. तिघांच्या संमतीने तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज केला. विहीर तिघांची सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, मोटारीच्या खर्चाचा हिस्सा ठरलेला, विहिरीकडे जाणारी वाट सात फूट, एवढे सगळे लिहून सह्या केल्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद होईपर्यंत मी कचेरीत चार हेलपाटे घातले. दादांचा तुकडा दादांचाच राहिला. विकायचा झाला तर आधी आम्हां दोघांना विचारायचे, हेही लिहिले. त्यांची मुले उद्या काय करतील ते मला ठाऊक नाही. पण जो कोणी घेईल त्याला विहिरीचा कागद वाचूनच घ्यावे लागेल.

माझे वाचकांना एवढेच सांगणे आहे. गाय घ्या, शेत घ्या, तालुक्याच्या गावी जुना गाळा घ्या, विकणाऱ्याकडून खोडी लिहून मागा, आणि इसार देण्याआधी पाणी कोठून येते ते विचारा. आणि त्याहूनही आधी, भावंडे एकत्र जेवायला बसतील त्या दिवशी, आपल्या तोंडी वाटण्या कागदावर आणा. जेवण चांगले झालेले असावे, म्हणजे भांडण कमी होते.

परवा दादांचा फोन आला. नव्या घराच्या मागे वहिनींनी कढीपत्ता लावला आहे आणि कडेला खडीतून आपोआप हरळी उगवली आहे. संघाचा माणूस येऊन ती काढा म्हणून सांगून गेला. दादा विचारत होते, मुळासकट कशी काढायची. मी म्हटले, "ते मला माहीत असतं तर आपलं रान कधीच स्वच्छ झालं असतं. वहिनींना म्हणावं, गणपतीपुरती ठेवा."